स्टीफन हिस्लॉप

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला झरी जामणी नावाचा तालुका आहे. त्याच्या दक्षिणेकडून पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणाचा मुलूख लागतो. सागाची राने, कापसाची काळीभोर शेते आणि त्यांमधून विखुरलेली गोंड व कोलाम लोकांची पोडे असा हा प्रदेश आहे. याच तालुक्यात शिबला-पारडीच्या परिसरात काळ्या दगडाचे खांब जमिनीतून वर आलेले दिसतात. त्यांतील कित्येकांना पाच किंवा सहा बाजू असून ते एकमेकांना अगदी चिकटून उभे आहेत. एखादे जुने देऊळ येथे गाडले गेले असावे आणि त्याचेच हे खांब असावेत, असे प्रथम पाहणाऱ्यास वाटते. परंतु यांवर कोणत्याही पाथरवटाची छिन्नी चाललेली नाही. ते निसर्गाने घडविले आहेत, आणि तेही एका भयंकर उत्पाताच्या वेळी.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथील भूमी फाटली. आपण चित्रांत पाहतो तसा शंकूच्या आकाराचा एकच ज्वालामुखी येथे नव्हता. जमिनीला मैलोन् मैल लांबीच्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस, म्हणजेच लाव्हा, उसळून बाहेर आला. तो पातळ असल्यामुळे पाण्याच्या लोंढ्याप्रमाणे सपाटीवर दूरवर पसरत गेला. एक थर निवाला की काही काळाने त्यावर दुसरा थर येई, मग तिसरा. असे थरावर थर चढून सह्याद्रीच्या बाजूस त्यांची जाडी दोन हजार मीटरांच्या वर गेली. आज जो भाग उरला आहे तोच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या काळ्या खडकावर वसलेला आहे. यवतमाळ, वर्धा, नागपूर हे जिल्हे या विशाल पसाऱ्याच्या पूर्वेकडील काठावर येतात. म्हणून येथे थर पातळ आहेत, आणि वणी, मुकुटबन या बाजूंना त्यांच्याहून पुष्कळ जुने असे चुनखडीचे व दगडी कोळशाचे खडक आढळतात.

लाव्हा निवताना आकसतो. तळे आटल्यावर चिखलाला जशा भेगा पडतात, तशा त्या आकसणाऱ्या थरालाही पडतात. तो सावकाश व सारखा निवला तर भेगाही सारख्या अंतरावर पडतात आणि वरून खाली उतरत जातात. शिबल्याचे खांब असेच झाले आहेत.

हे सगळे ज्ञान आपणांस कोणी सांगितले? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते पाहावयास माणूस नव्हताच. ते दगडांवरूनच वाचून काढावे लागले. विदर्भाच्या भूमीत ते वाचन ज्यांनी आरंभी चिकाटीने केले, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव विदर्भात घरोघर माहीत आहे. मात्र ज्यांच्यावरून ते नाव पडले, त्यांच्या हातात पुस्तकाइतकाच हातोडाही असे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. हे गाव भूविज्ञानाच्या इतिहासात एका कारणाने लक्षात राहण्यासारखे आहे. त्याच्या जवळच जेम्स हटन या विद्वानाची शेती होती. पावसाने शेतातील माती वाहून जाते, नदी ती समुद्रात नेते आणि तेथे तिचा पुन्हा खडक बनतो, हे हटन यांनी ओळखले होते. त्या अतिमंद क्रियेला लागणारा काळ मोजू गेल्यास पृथ्वीचे वय लोक समजतात त्याहून कितीतरी पटींनी अधिक असले पाहिजे, असे त्यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी मांडले. त्याच मुलखात, हटन यांच्यामागून वीस वर्षांनी, हिस्लॉप जन्मले.

पुढे त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले व ते धर्मोपदेशक झाले. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास येऊन पोहोचले. त्या काळी नागपूरला आगगाडी नव्हती. ती आली १८६७ साली. नागपुरावर तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप यांनी मराठीचा अभ्यास केला आणि १८४६ साली नागपुरात शाळा काढली. दोन वर्षांच्या आत रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघेही शाळा व मिशनचे काम पाहत, गावोगाव हिंडत. हिंडता हिंडता त्यांचे लक्ष वाटेतल्या दगडांकडे जाऊ लागले.

नागपूर हे अशा अभ्यासाला मोठे सोयीचे ठिकाण आहे. शहराच्या मध्यावर सीताबर्डीची टेकडी आहे. तिच्यात काळ्या लाव्हाचा एक थर, त्यावर गाळाचा एक पातळ पट्टा आणि त्यावर पुन्हा लाव्हाचा थर अशी मांडणी आहे. किल्ला म्हणून ती टेकडी सर्वांना माहीत होती. परंतु दोन आगींच्या मध्ये दडलेला तो हातभर गाळ फारसा कोणी न्याहाळला नव्हता. १८५१ साली हिस्लॉप व हंटर नागपूरजवळच्या टाकळी गावाकडे फिरावयास गेले असता त्यांना दगडात रुतलेला शंख सापडला. तो समुद्रातला नव्हता. आपल्या तळ्यांत व ओढ्यांत आढळणाऱ्या गोगलगाईंच्या शंखांशी त्याचे साम्य होते. मग दोघांनी ती जागा पिंजून काढली. शंखांच्या मागोमाग फळे आणि बिया, लाकडाचे तुकडे, हाडे आणि किड्यांचे अवशेषही निघाले. भुंग्याच्या जातीच्या किड्यांची कठीण पंखकवचे त्या दगडात टिकून राहिली होती. एवढीशी नाजूक वस्तू कोट्यवधी वर्षे टिकावी, याचे त्या काळच्या विद्वानांनाही नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

आता यावरून काय कळते ते पाहू. गोड्या पाण्याच्या गोगलगाई होत्या, तेव्हा तेथे तळे होते. बिया व फळे होती, तेव्हा काठावर झाडे होती. किडे होते, तेव्हा ती झाडे हिरवीगार होती. आणि या सगळ्यांच्या वर काळा लाव्हा आहे! म्हणजे तळे भरलेले असताना, झाडांना फळे आलेली असताना, भुंगे हिंडत असताना एके दिवशी क्षितिजाकडून वितळलेला खडक सरकत आला आणि त्याने ते सारे झाकून टाकले. दोन उद्रेकांच्या मधला काळ मात्र लहान नव्हता. खालचा लाव्हा निवून, झिजून, त्यावर माती होऊन, पाणी साचून जीवसृष्टी बहरण्याइतका तो मोठा होता. उत्पात आणि शांतता यांच्या अशा फेऱ्या येथे पुनःपुन्हा झाल्या. सह्याद्रीच्या घाटांतून जाताना काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारखे तांबडे पट्टे दिसतात. तेही अशाच मधल्या शांततेत झिजलेल्या जमिनीचे अवशेष आहेत.

हिस्लॉप यांना मात्र ही गोष्ट संपूर्ण उलगडली नव्हती. त्यांची समजूत अशी होती की, तळ्यातला गाळ आधी साचला, वरचा लाव्हा त्यावर पसरला आणि खालचा लाव्हा मागाहून जमिनीखालून त्या दोहोंच्या तळाशी घुसला. पुढे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम व मध्य भारतातील असे पुष्कळ थर तपासले. खालचा थर आधीचा, गाळ त्यानंतरचा आणि वरचा थर सर्वांत शेवटचा, असा सरळ क्रम त्यांनी १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात दाखविला. तो आज सर्वमान्य आहे. तथापि ब्लॅनफर्ड यांच्या हाती जो पुरावा होता, त्याचा मोठा भाग हिस्लॉप यांनीच उन्हातान्हात हिंडून गोळा केलेला होता. आपल्या समजुतीला सोयीचे तेवढेच त्यांनी उचलले नाही. जे जसे सापडले ते तसे नोंदवून ठेवले, म्हणून मागाहून येणाऱ्याला त्यातील चूक दुरुस्त करता आली.

ते आपला संग्रह लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठवीत. १८५५ साली नागपूरच्या आसमंतातील भूरचना व जीवाश्म यांवरील त्यांचा आणि हंटर यांचा निबंध त्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रिचर्ड ओवेन या प्रख्यात शास्त्रज्ञांनी नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या एका कवटीचे वर्णन केले. तो प्राणी बेडकासारखा उभयचर होता, परंतु त्याचा काळ पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याला ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. कामठीच्या दगडखाणींतून हिस्लॉप यांनी जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळविले. त्या वनस्पतीला ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात. वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा अशाच झाडांच्या रानांपासून झालेला आहे. हीच पाने पुढे आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि बर्फाच्छादित अंटार्क्टिकातही सापडली, आणि हे सर्व भूखंड एके काळी भारताशी जोडलेले होते हे सिद्ध करावयास उपयोगी पडली. टाकळीस मिळालेल्या एका हिरव्या खनिजाला तर १८५९ साली हिस्लॉपाइट असेच नाव देण्यात आले.

टाकळीच्या तळ्यावर जे संकट कोसळले, त्याची कल्पना आपणांस आज कशी यावी? त्यासाठी दूर आइसलँड बेटाकडे जावे लागते. तेथे ८ जून १७८३ रोजी लाकी नावाच्या ठिकाणी जमिनीला अशीच लांब भेग पडली आणि आठ महिने तिच्यातून लाव्हा वाहत राहिला. लाव्हाने गावे गिळली. परंतु अधिक घात केला तो त्याबरोबर निघालेल्या गंधकयुक्त विषारी वायूंनी. गवत जळाले, अर्ध्याहून अधिक गुरे मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात बेटावरील सुमारे पाचवा हिस्सा माणसे दगावली. युरोपात त्या उन्हाळ्यात कोरडे धुके पसरले होते. दख्खनच्या उद्रेकांपुढे लाकी म्हणजे समईची ज्योत! येथला लाव्हा हजारो पटींनी अधिक होता आणि तो लक्षावधी वर्षे थांबून थांबून येत होता. त्याच सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉरांचा समूळ नाश झाला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेली एक प्रचंड उल्का हे त्याचे मुख्य कारण, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या वायूंनी त्या नाशाला किती हातभार लावला, याविषयी त्यांच्यात अद्याप वाद चालू आहे.

तो अग्नी कधीच विझला. तरी त्याने मागे ठेवलेली भूमी पूर्णपणे निर्धोक आहे असे मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीस भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीच्या भिंतींखाली सापडली. तेथेही पायाखाली हाच काळा खडक होता. हलले ते त्याच्याही खालचे कवच. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराचा उतार घसरला. कुजून मऊ झालेल्या लाव्हाच्या मातीत पावसाचे पाणी मुरले, तिचे वजन वाढले, पकड सुटली आणि ती गावासह खाली आली. विदर्भाच्या सपाट मुलखाला डोंगर घसरण्याचे भय नाही. पण तेथे एक निराळाच धोका असतो आणि तो दिसावयास अगदी क्षुल्लक असतो. त्याची हकीकत हिस्लॉप यांच्या शेवटच्या दिवसाशी बांधलेली आहे.

हिस्लॉप यांचे लक्ष केवळ दगडांवर नव्हते. नागपूर, चांदा, भंडारा या भागांतील गोंड लोकांमध्ये ते मिसळत. त्यांच्या भाषेतील शब्द त्यांनी टिपून घेतले. लिंगो या गोंडांच्या आदिपुरुषाचे दीर्घ गीत त्यांनी लिहून काढले. ज्या समाजाकडे शिकलेले लोक तेव्हा ढुंकूनही पाहत नसत, त्याच्या मुखातले काव्य जतन करावे असे त्यांना वाटले, ही गोष्ट त्यांच्या शोधांइतकीच मोलाची आहे. जुन्या दफनभूमींविषयीही त्यांना कुतूहल होते. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. त्यांच्या आत प्राचीन लोकांनी आपले मृत पुरलेले असून सोबत लोखंडाची हत्यारे व मडकी ठेवलेली आहेत. ही वर्तुळे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची आहेत.

१८६३ च्या सप्टेंबरात ही वर्तुळे उकरून पाहावयाचे ठरले. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा तळ जवळच्या बोरी गावी पडला होता. ४ सप्टेंबर रोजी हिस्लॉप त्यांच्याबरोबर टाकळघाटास गेले. वाटेत एक ओढा होता. सकाळी सर्वांनी तो सहज ओलांडला. वर्तुळे पाहून झाल्यावर टेंपल व इतर मंडळी बोरीकडे परतली. हिस्लॉप मात्र मागे राहिले, कारण गावातील शाळा त्यांना तपासावयाची होती. ते काम त्यांनी घाईने उरकले नाही. मुलांची परीक्षा घेऊन ते घोड्यावर बसले तेव्हा दिवस कलला होता.

मधल्या काळात ओढ्याला पाणी आले होते.

काळ्या मातीचा स्वभाव येथे समजून घेतला पाहिजे. हीसुद्धा त्या प्राचीन लाव्हाचीच माती. तो झिजून झालेली. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती घटाघट पिऊन टाकते. परंतु पाणी मिळताच ती फुगते व भेगा मिटतात. पावसाळा सरत आला म्हणजे ती इतकी भिजलेली असते की नवे पाणी तिच्यात शिरत नाही. खालचा घट्ट काळा खडकही ते फारसे मुरू देत नाही. मग वरच्या अंगाला एक जोरदार सर आली तरी तिचे पाणी थेट ओढ्याकडे धावते. आपल्या डोक्यावर आभाळ मोकळे असते आणि सकाळी घोटाभर असलेला ओढा संध्याकाळी पुरुषभर होतो. पाणी गढूळ असल्यामुळे त्याची खोली कळत नाही. वेग असा असतो की गुडघाभर पाण्यातही माणसाचा पाय ठरत नाही.

बोरीच्या तळावर हिस्लॉप यांचा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. मंडळी तत्काळ ओढ्याकडे धावली. शोध घेतला तेव्हा हिस्लॉप यांचा देह पाण्यात सापडला. त्यांचा सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

त्यांच्या मेजावर गोंडांविषयीची टिपणे अपुरीच पडून राहिली होती. टेंपल यांनी ती सर्व गोळा करून नीट लावली आणि १८६६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. लिंगोचे गीत त्यातूनच प्रथम जगापुढे आले. १८८३ साली नागपुरात जे कॉलेज निघाले त्याला हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. टाकळघाटची वर्तुळे पुढे शंभर वर्षांनी नागपूर विद्यापीठाने शास्त्रीय पद्धतीने उत्खनन करून अभ्यासली. टाकळी गाव आता वाढत्या नागपूर शहरात सामावून गेले आहे, आणि ज्या जागी त्या दोघांना पहिला शंख मिळाला तेथे जीवाश्म शोधणाऱ्यास आज घरांच्या रांगा दिसतात. पण सीताबर्डीच्या टेकडीत तो हातभर गाळाचा पट्टा दोन काळ्या थरांच्या मध्ये अजून आहे, आणि झरी जामणीकडे शिबल्याचे खांबही रानाच्या कडेला तसेच उभे आहेत.